दारात अडवलेलं मत

भोरच्या बाजारपेठेत माझं सायकलचं दुकान होतं. सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायचं, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा, हा धंदा. या धंद्यामुळं मी कायदेमंडळात पक्षाचा प्रतोद झालो, हे आज कुणाला सांगितलं तर तो हसतो. पण आमचे पुढारी नानासाहेब वकील यांनी भर बैठकीत कारण सांगितलं होतं. "गणपतराव, पक्षात हुशार माणसं पुष्कळ आहेत. सायकल असलेले तुम्ही एकटेच आहात."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती.

"प्रतोद म्हणजे काय हो?"

"चाबूक."

"आणि मारायचा कुणाला?"

"आपल्याच माणसांना."

तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग हे काम तुम्ही घेतलंत कशाला?"

तेव्हा संस्थानी राज्य होतं. थोरल्या लढाईची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची, वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून पुण्याची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं भट्टी लावलेली असायची, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. संस्थानात एक लहानसं कायदेमंडळ होतं. त्यात काही सभासद लोकांनी निवडून दिलेले, काही दरबारानं नेमलेले. निवडून आलेले आम्ही सगळे शेतकऱ्यांच्या बाजूनं एका पक्षात होतो. आमचे सगळे हजर राहिले आणि सगळ्यांनी एका बाजूला हात वर केला, तर आम्ही एकानं जास्त भरायचो. एक जरी घसरला तर बरोबरी व्हायची, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं जादा मत दरबारच्या बाजूला जायचं. आमचं सगळं राजकारण त्या एका माणसावर उभं होतं. आणि तो एक माणूस कोण, हे दर खेपेला बदलायचं.

प्रतोदाचं काम बाहेरून दिसतं त्याहून निराळं असतं. लोकांना वाटतं, हा पुढाऱ्याचा हुकूम घेऊन फिरतो आणि सभासदांना धाक घालतो. तेही करावं लागतं. पण त्याआधी कुणाच्या बैलाला खुरकूत झालीय, कुणाच्या मुलीचं लग्न नेमकं मतदानाच्या दिवशी काढलंय, कुणाचं कुणाशी बांधावरून वाजलंय, हे सगळं ठाऊक असावं लागतं. मत म्हणजे सभागृहात वर झालेला हात, पण तो हात घरून निघतो तेव्हा त्याच्या मागं सगळं घर असतं. शिवाय वरचा हुकूम खाली पोचवायचा तसं खालचं गाऱ्हाणं वर पोचवायचं, हे अर्धं काम. ते ज्याला जमत नाही त्यानं सायकलच दुरुस्त करावी.

नानासाहेबांनी विलायतच्या पार्लमेंटविषयी पुष्कळ वाचलं होतं. तिथं म्हणे सभासदाला बोलावणं धाडताना महत्त्वाप्रमाणं खाली रेघा ओढतात. साधं काम असलं तर एक रेघ, निकडीचं असलं तर दोन, आणि काही झालं तरी आलंच पाहिजे असं असलं तर तीन. ही रीत आमच्याकडं सुरू झाली. पहिल्यांदा तीन रेघांचं बोलावणं घेऊन मी खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या सभासदाकडं गेलो. त्यांनी कागद निरखून पाहिला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "शंकराचं गंध कशाला काढलंय याच्यावर? अभिषेक हाय का कुठं?" मी म्हणालो, "तात्या, हजर राहायचंय." ते म्हणाले, "राहतो की. म्या कवा न्हाई म्हनलं?"

या तात्यांनी मला फार दमवलं. ते कधी गैरहजर नसायचे. पण अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा," की तात्यांचा हात वर. "प्रतिकूल असतील त्यांनी," म्हटलं की पुन्हा वर. मोजणाऱ्या कारकुनाच्या डोक्याला ताप. मी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही बाजूची मानसं चांगली हायेत. कशाला कुनाचं मन मोडायचं?" शेवटी मी त्यांच्या शेजारची जागा मागून घेतली. पहिला हात खाली आला की मी त्यांच्यापुढं तंबाखूची चंची धरायचो. दोन्ही हात मळण्यात गुंतले की प्रतिकूल मतं मोजून व्हायची. पुढच्या निवडणुकीला तात्या उभे राहिले नाहीत, आणि खरं सांगतो, मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या आला. तो एकच हात वर करायचा, एकदाच.

पण आज सांगायचंय ते जंगलच्या बिलाचं.

वेल्हे, तोरण्याचा परिसर, भोरच्या पश्चिमेची खोरी, इथं भात पिकतं ते राबावर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत झाडांच्या पानांसकट फांद्या, म्हणजे टहाळ, तोडून आणायचा. रोपं करायच्या तुकड्यावर शेण, टहाळ, गवत, माती असे थर द्यायचे आणि चैत्र-वैशाखात ते भाजायचं. जमीन भाजली की तण मरतं, राख मिसळते, आणि पावसाच्या तोंडावर पेरलेलं रोप जोमानं येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. डोंगरातल्या माणसाचं वर्ष तिथून सुरू होतं.

दरबारानं जंगल राखायचं बिल आणलं. त्यात टहाळ तोडायला सरसकट बंदी होती. बिल काही दुष्टपणानं आणलेलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. डोंगर उघडे पडत होते, माती वाहून चालली होती, हे आम्हालाही दिसत होतं. पण बंदी झाली असती तर त्या साली निम्म्या डोंगराला रोप मिळालं नसतं. नानासाहेबांनी आठवडेच्या आठवडे खटपट करून एक दुरुस्ती तयार केली. मालकीच्या रानातून आणि गावालगतच्या जंगलातून टहाळ तोडायला मोकळीक, फक्त उभ्या उताराचे काही डोंगर काही वर्षं बंद. दरबारची बाजू ही दुरुस्ती मान्य करणार नव्हती, पण मताला टाकायला तयार झाली होती. म्हणजे पुन्हा तो एक माणूस.

या खेपेला तो एक माणूस सखारामअण्णा निघाला.

अण्णा तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीचे. उंच, काटक, वयानं माझ्याहून बरेच मोठे. सभागृहात फारसे बोलत नसत. बैठकीत नानासाहेबांनी बंद राहणाऱ्या डोंगरांची नावं वाचली, त्यात अण्णांच्या गावचा डोंगर होता. अण्णा उठले.

"या दुरुस्तीला माझा हात वर व्हनार न्हाई."

"अण्णा, ही नाही झाली तर मूळ बिल होईल. मग सगळेच डोंगर बंद," नानासाहेब म्हणाले.

"व्हय. पर माझ्या गावचा डोंगर बंद कराया म्या हात वर करू? उलट, इरुद्ध करीन." एवढं बोलून त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि ते निघून गेले.

नानासाहेब माझ्याकडं वळले. "प्रतोद, हे तुमचं काम. त्यांना स्वच्छ सांगा, पक्षाचा आदेश मोडला तर पक्षात जागा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान शेजारच्या हसनभाईंच्या स्वाधीन केलं. हसनभाई शिंपी. तेही आमच्याच पक्षाचे सभासद, भोर शहरातून निवडून आलेले. त्यांच्या मशीनवरून माझं दुकान दिसायचं. मी सायकल काढली. लढाईमुळं टायर मिळत नव्हते, माझ्याच सायकलच्या टायरला आतून जुन्या टायरचे तुकडे लावलेले. सायकलवाल्याचीच सायकल लंगडत चाललीय हे पाहून नसरापुरात लोक हसले. वेल्ह्याच्या बाजारात एका ओळखीच्या वाण्याकडं सायकल ठेवली आणि पुढं पायी वर चढलो.

अण्णा खळ्यावर होते. भात झोडून झालं होतं, त्यांची म्हातारी आई सूप घेऊन वारवत बसली होती. मला पाणी मिळालं, गूळ मिळाला. मग अण्णा समोर उकिडवे बसले.

"धाडलं व्हय वकिलानं? चाबूक दावाया?"

मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

"गनपत, तूच सांग. म्या हात वर केला, तर माझ्या गावचा डोंगर म्याच बंद केला, आसं हुतंय का न्हाई?"

"होतंय, अण्णा. पण नाही केला तर सगळ्यांचेच डोंगर बंद होतात."

"त्ये बी खरं हाय."

"मग?"

"मग काय? दोन्ही खरं हाय. म्हनून तर झोप न्हाई."

पक्षातून काढू, ही धमकी माझ्या तोंडाशी होती. पण समोर बसलेल्या माणसाला झोप नाही, तो गावाला काय तोंड दाखवू म्हणून तळमळतोय, आणि त्याला मी कसली भीती घालणार? ती धमकी मी तशीच गिळली. म्हणालो, "अण्णा, बाजूनं हात वर करू नका. पण विरुद्धही करू नका. त्या दिवशी येऊच नका."

"आन मग तुमचं एक कमी पडंल, त्ये?"

मग मी त्यांना जोडीची रीत समजावली. हीही नानासाहेबांनी विलायतच्या पुस्तकातून आणलेली. एका बाजूचा माणूस येऊ शकत नसेल तर दुसऱ्या बाजूचाही एक माणूस मतदानापुरता बाहेर राहतो. दोन्हीकडून एकेक वजा, फरक तोच राहतो. कागद नाही, सही नाही. दोन्ही बाजूंच्या प्रतोदांनी एकमेकांना शब्द द्यायचा.

अण्णांनी विचार केला. "ह्ये चालंल. कुनाची फसवनूक न्हाई."

म्हातारीनं सूप थांबवलं. "म्हंजी मतं व्हतील तवा ह्यानं हितं घरात दडून बसायचं व्हय?"

अण्णांनी मान खाली घातली. मी उठलो. उतार उतरताना मला बरं वाटत होतं, तरी तिचा तो सवाल कानात होता.

दरबारच्या बाजूची माणसं गोळा करण्याचं काम रावसाहेबांकडं होतं. रावसाहेब म्हणजे पेन्शनीत निघालेले मामलेदार, नेमलेले सभासद. आमच्यात विरोध होता, पण वैर नव्हतं. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी जोड मागितली.

"तुमचा कोण येणार नाही?"

"विचारलंत तर सांगेन."

"नको. कळलं म्हणजे मला त्याला आमच्याकडं ओढायची आशा वाटेल." त्यांनी सुपारीचं खांड माझ्यापुढं केलं. "मी स्वतःच बाहेर राहीन. दुसऱ्याला सांगायचं तर त्याला कारण द्यावं लागतं. चर्चेला बसेन, मताच्या वेळी उठून जाईन."

"आपण काही लिहून ठेवायचं का?"

"लिहून ठेवायचं असेल तर जोड कशाला, खटलाच भरू की." ते हसले. "तुम्ही बोललात, मी ऐकलं. झालं."

नानासाहेबांना हे सांगितलं. धमकी दिली नाही हे त्यांना आवडलं नाही, पण हिशेब जुळत होता. त्यांनी मान डोलावली.

मतदानाचा दिवस उजाडला तोच वाऱ्याचा. आमचे एक सभासद धोंडिबा भाटघरच्या धरणाच्या पाण्यापलीकडं राहायचे. धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, ते वर सरकून राहिले, आणि भोरला यायचं तर त्यांना होडीनं पाणी ओलांडावं लागायचं. मी सकाळीच सायकलनं धरणाकडं जाऊन आलो. पाण्यावर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या आणि होडी कुठं दिसत नव्हती. परत आलो तेव्हा सभागृहात चर्चा सुरू झाली होती. सगळे होते. धोंडिबा नव्हते.

आता हिशेब असा झाला. अण्णा आणि रावसाहेब ही जोड बाहेर, आणि त्यावर धोंडिबा नाहीत. म्हणजे बरोबरी. म्हणजे अध्यक्षांचं जादा मत. म्हणजे दुरुस्ती गेली.

मी सारखा व्हरांड्यात येऊन रस्त्याकडं बघत होतो. नानासाहेब आत जमेल तितकं लांबवत बोलत होते. आणि रस्त्यावरून धोंडिबा यायच्या ऐवजी कोण आलं, तर सखारामअण्णा. घामानं डबडबलेले, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"अण्णा! तुम्ही कसे?"

"आईनं धाडलं." ते दम खात होते. "म्हनली, खालच्या गावांत आपल्याच लेकी दिल्यात न्हवं? त्यांचा राब बुडवून तू घरात बसतूस? गावाला बी इचारलं. गाव म्हनलं, जा. आमचा डोंगर आमी मागनं बघू. व्हय बाजूला, मला आत जाऊ दे. बाजूनं हात वर करतो."

त्या क्षणी मला काय वाटलं, हे सांगणं अवघड आहे. ज्या एका मतासाठी आमचा जीव टांगला होता ते मत स्वतःच्या पायांनी चालत दारात आलं होतं. आणि आत तिसऱ्या बाकावर रावसाहेब मतदानाच्या वेळी उठायचं म्हणून काठी जवळ घेऊन बसले होते. खिडकीतून ते मला दिसत होते, आणि मी त्यांना.

मी दारात आडवा झालो.

"अण्णा, आत जाता येणार नाही. तुमच्या नावावर मी शब्द दिलाय."

"आरं पर म्या तुमच्याच बाजूनं मत देतोय!"

"म्हणूनच जाता येणार नाही."

"रानातनं धापा टाकत आलो, आन तू मला दारात अडवतूस?" त्यांचा आवाज चढला. आत कुणीतरी मान वळवली. तेवढ्यात नानासाहेब आपलं भाषण संपवून बाहेर आले. अण्णांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आत घ्या त्यांना! वाट कसली बघताय?"

"नानासाहेब, जोड केलीय."

"अण्णा मत देऊ शकत नव्हते म्हणून जोड केली. आता देतायत. कारण गेलं, जोड गेली."

"मग तसं रावसाहेबांना सांगायला हवं. सांगितलं तर तेही बसून राहतील आणि मत देतील. पुन्हा बरोबरीच. त्यांना न सांगता अण्णांना आत घेतलं तरच आपण जिंकतो. ते करू का?"

नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. "डोंगरातल्या हजारो माणसांचा प्रश्न आहे, गणपतराव. तुमच्या एका शब्दाचा नाही."

मी एवढंच म्हणालो, "आज शब्द मोडला तर उद्या आपल्याशी कुणी बोलणार नाही. आणि आपण कायम एकानंच पुढं आहोत."

हसनभाई दारापाशी आले होते. ते हळूच म्हणाले, "नानासाहेब, कापड कापून झालंय. आता मापाची चर्चा नको."

नानासाहेब आत गेले. मला वाटलं आता अण्णा मला ढकलून आत शिरतील. त्यांच्या अंगात तेवढं बळ होतं. पण त्यांनी खिडकीतून आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"त्यो म्हातारा माझ्यापायी बाहीर येनार हाय?"

"होय."

"आन तुझा सबुद तू त्याला दिलायस."

"होय."

अण्णांनी घोंगडी व्हरांड्यातल्या बाकावर टाकली आणि ते बसले. "जा आत. घंटा व्हईल. म्या हितंच हाय."

घंटा झाली. रीत अशी, की घंटा वाजायची थांबली की शिपाई दार लावून घ्यायचा, मग ना कुणी आत ना कुणी बाहेर. मी माझ्या जागेवर गेलो. घंटा थांबत आली तशी रावसाहेबांनी शाल सावरली, काठी घेतली आणि ते उठले. त्यांच्याच बाजूचे लोक चकित होऊन बघायला लागले. ते दाराशी गेले. उंबऱ्यावर एक पाय टाकला आणि थांबले. मग वाकून गुडघा चोळायला लागले.

शिपाई दार धरून उभा. घंटा थांबलेली. पण रावसाहेबांसारख्या माणसाच्या अंगावर दार कोण लोटणार? अध्यक्ष म्हणाले, "रावसाहेब?"

"हो हो, निघालोच. हा गुडघा," रावसाहेब म्हणाले आणि दुसरा पाय उचलायच्या ऐवजी पुन्हा टेकवला.

तेवढ्यात व्हरांड्यात धावणारी पावलं वाजली. भिजलेलं धोतर गुडघ्याच्या वर खोचलेले धोंडिबा रावसाहेबांच्या काखेखालून वाकून आत आले. वाऱ्यानं होडी भलत्याच काठाला लावली होती आणि ते तिथून पळत निघाले होते. ते आत आले, आणि रावसाहेबांचा गुडघा बरा झाला. त्यांनी उंबरा ओलांडला. शिपायानं दार लावलं.

दुरुस्ती एका मतानं मंजूर झाली.

मला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. मी बाकावर बसून राहिलो होतो. हसनभाईंनी खांदा हलवला तेव्हा कळलं की सगळे उठलेत.

बाहेर बाकावर अण्णा आणि रावसाहेब शेजारी बसले होते. अण्णा हातवारे करून सांगत होते, डोंगराचा कुठला भाग उभा, कुठला सपाट, कुठं टहाळ तोडला तरी माती हलत नाही. रावसाहेब काठीनं फरशीवर रेघा काढत ऐकत होते. निकाल सांगायला मी गेलो तर दोघांनीही हात करून मला थांबवलं. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

तो गुडघा खरंच दुखला का, हे मी पुढं एकदा रावसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पेन्शनीत गुडघेच तर दुखतात हो." आणि सुपारी पुढं केली. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. थंडी सरायच्या आत ते स्वतः डोलीत बसून अण्णांच्या गावी जाऊन आले आणि त्यांनी तिथला खालचा उतार मोकळा करावा असं दरबाराला सुचवलं. तसा तो झालाही.

नानासाहेब बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसले. मी ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होतो. ते बघत बसले आणि म्हणाले, "टायर मिळतायत का हल्ली?" मी म्हणालो, "नाही मिळत." "हं," म्हणाले. आणि चहा घेऊन गेले. आमच्यात सगळं ठीक झालं हे मला तेवढ्यानं कळलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिलीय. अण्णा त्या दिवशी व्हरांड्यात जे बोलले, ते सभागृहात बोलायला हवं होतं. सगळ्यांनी ऐकावं असं ते बोलणं होतं. शिस्त लावता लावता आम्ही बऱ्याच माणसांचं बोलणं दाराबाहेर ठेवलं. हात मोजायची घाई असली की तोंडं ऐकायची राहून जातात. प्रतोदाच्या धंद्यातली ही खोट मला शेवटपर्यंत दुरुस्त करता आली नाही.

पुढं संस्थान विलीन झालं, कायदेमंडळ गेलं, आणि त्याबरोबर माझं प्रतोदपण गेलं. लोक हळहळत माझ्याकडं यायचे, "तुमचं पद गेलं हो." मी म्हणायचो, "गेलं बुवा एकदाचं." वाऱ्याचा आवाज आला की आता मला धरणावरची होडी आठवत नाही. कुणाच्या घरी लग्न निघालं तर मी तारीख न विचारता अक्षता घेतो. हे सुख ज्यानं कधी माणसं मोजली नाहीत त्याला कळायचं नाही.

जंगलचं बिल झालं त्या साली चैत्रात मी अण्णांच्या गावी गेलो होतो. जायची मला धास्ती होती, ती अण्णांची नव्हे, त्यांच्या आईची. तिनं लेकाला मत द्यायला धाडलं होतं आणि मी त्याला दारातच अडवलं होतं. खालच्या उतारावर राब भाजायचं चाललं होतं, धुरानं डोळे चुरचुरत होते. म्हातारी हातात हिरवी फांदी घेऊन कडेची आग विझवत उभी होती. मला पाहून थांबली.

"तूच न्हवं का रं त्यो? माझ्या लेकाला दारात अडवनारा?"

"होय, आई."

"तवा मला लई राग आला हुता तुझा."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं, मग बांधाच्या पलीकडं पसरत चाललेल्या जाळाकडं हात केला आणि हातातली फांदी माझ्या हातात दिली.

"आता हितं अडव," ती म्हणाली. "आन मग जेवून जा."